जरा पिवळाच

ए, थांबा थांबा, पार्टी देणार आहे, पळून नाही चाललेय कुठे. पगार वाढला, परमिट बदललं, भोंग्याचा व्हिसा आला, सगळं खरंय. पण आधी ऐका. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाहीये, भोंग्यालासुद्धा नाही, आणि तो आत्ता तिकिटं छापून आणायला गेलाय तेवढ्यात सांगून टाकते. मध्येमध्ये बोलू नका हं, ओघ तुटला की मला रडू येतं.

भोंगा म्हणजे माझा नवरा, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. दिवसभर "ब्रेक! अहो ब्रेक दाबा!" ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की मी तिकडे असताना फोन उगाच लावायचो आम्ही, तसाच ऐकू आला असता. लग्नानंतर अकरा दिवस आम्ही एकत्र होतो. अकरा! बाराव्या दिवशी मी विमानात. हसू नका.

तर तिकडे मी काय करते, तर दात बनवते. खोटे दात. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, सोबत एक चिठ्ठी. वरचा, पुढचा, डावा, बाई, वय एकेचाळीस. बास. नाव नाही, काही नाही. रंगासाठी सोळा दातांची एक पट्टी असते, त्यातला नंबर लिहिलेला असतो. मग मी ती पांढरी पूड पाण्यात कालवायची, ब्रशने थरावर थर चढवायचे, खऱ्यापेक्षा जरा मोठाच करायचा कारण भट्टीत तो आकसतो, आणि मग घासत बसायचं. छान काम आहे गं, मला आवडतं. पण विचार करा, चार वर्षं झाली, अख्ख्या गावाचे दात मला पाठ आणि ओळखीचं तोंड एक नाही.

एकदा बेकरीत गल्ल्यावरची बाई कुणाशी तरी बोलताना हसली ना, तर मला तिच्या दातावर तो छोटासा पांढरा ठिपका दिसला. मी स्वतः घातला होता, शेजारच्या दातावर तसा होता म्हणून. मला इतका आनंद झाला! मी आ वासून बघतच राहिले. तिने हसणं बंद केलं आणि विचारलं, "अजून काही?" मी म्हटलं, "नाही." आणि ब्रेड घेऊन घरी आले. आता हे कुणाला सांगणार? भोंग्याला सांगितलं तर म्हणाला, "मग बिल मागायचं ना तिच्याकडे!"

माझी खोली सांगू? एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. खिडकी उघडली की समोर भिंत, इतकी जवळ की हात लावून बघितलाय मी. खुर्ची एक होती. मग भोंगा येईल तेव्हा लागेल म्हणून दुसरी घेतली. आणि रोज कामावरून आले की बॅग तिच्यावर ठेवायची, म्हणजे रिकामी दिसत नाही. रविवारी सकाळपासून तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी फोनवर पहिलं "हॅलो" म्हणताना आवाज घोगरा यायचा, तर हा म्हणायचा, "सर्दी झाली का?" दर रविवारी सर्दी!

कामावर तरी कोण, तर आम्ही तीनच माणसं. मालक, ऑफिसातली ताई आणि मी. दिवसभर तोंडाला मास्क आणि घासायच्या मशीनची घरघर, बोलणार कसं? मालक चांगले आहेत हं, अगदी देवमाणूस, पण ते भट्टीशी जास्त बोलतात. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरतात. त्यांना सगळं पिवळसर दिसतं. दात कितीही बरोबर असू दे, दिव्याखाली धरून म्हणणार, "पोरी, जरा पिवळा वाटतोय का गं?" आणि मी म्हणणार, "नाही मालक, बरोबर आहे." मग ते बिनघोर डबी बंद करणार. चार वर्षं रोजचं हे. माझ्या डोळ्यांवर ते दुकान चाललंय म्हणा ना. हे लक्षात ठेवा.

आता परमिट. तिकडे दोन प्रकारची असतात. एक एकट्याचं, एक कुटुंबाचं. ठरवतं कोण, तर पगार. एक रेघ आहे. पगार रेघेच्या खाली, तर तू एकटी ये, एकटी राहा. रेघेच्या वर गेलीस, तर नवऱ्याला आण. माझा पगार रेघेच्या बोटभर खाली. दरवर्षी मालक थोडा वाढवायचे आणि दरवर्षी सरकार रेघपण तेवढीच वर न्यायचं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसं. माझ्याकडे तर दातच दात!

मग मी ठरवलं, यंदा मागायचंच. तीन आठवडे आरशासमोर वाक्य पाठ केलं. आणि एका सकाळी मालकांच्या मशीनच्या आवाजात ओरडून म्हटलं, "मालक, मला पगार वाढवून हवाय!"

त्यांनी मशीन बंद केली. "किती?"

मी आकडा सांगितला, रेघेच्या बरोब्बर वरचा.

"एवढंच? मला वाटलं सोडून चाललीस." आणि वर आणखी थोडे टाकले. "तुझ्या नवऱ्याला बघू तरी दे एकदा. बोलतो म्हणे मोठ्याने."

अगं मी नाचले! तिथेच! भोंग्याला फोन केला, त्याने शिकाऊ माणसाला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली आणि तिथेच ओरडला, तो बिचारा शिकाऊ घाबरून क्लचवरच उभा राहिला. दोन दिवसांत भोंग्याने सूटकेस घेतली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगून टाकलं की नवीन बॅच घेणार नाही. मी म्हटलं, अरे कागद तर येऊ दे. तर म्हणे, पगार वाढलाय ना, मग कागद येणारच.

आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातली ताई परमिटवाल्यांचं पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आली. ताई म्हणजे तोंडाने फटकळ, पण सगळे कागद तिच्याच डोक्यात.

"मला विचारून मागायचं ना गं बाई," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"थोडाथोडा वाढला असता तर काही नव्हतं. एकदम एवढा वाढला की ते म्हणतात, ही नोकरी जुनी नाही, ही नवीन नोकरी आहे."

"नवीन कशी? हेच टेबल, हीच मी!"

"त्यांच्या कागदावर नवीन. आणि एवढ्या पगाराची नवीन जागा आधी इथल्या माणसांना दाखवायची असते. एकवीस दिवस दारावर पाटी लावायची. कुणी आलं, आणि त्याला काम येत असलं, तर जागा त्याची."

"आणि माझं?"

"तुझं जुनं परमिट पुढच्या महिन्याअखेर संपतं."

मी म्हटलं, मग नको मला वाढ, जुनाच पगार द्या. तर ताई म्हणाली, "वर नेलेला आकडा खाली आणला की त्यांना लबाडी वाटते. मग तोही अर्ज फेटाळतात. झालं ते झालं."

बघा ना. दात कोरून पोट भरत नाही म्हणून मोठा घास मागितला, आणि तोच घशात अडकला. मालक तर इतके ओशाळले की दिवसभर भट्टीशीसुद्धा बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "कुणी येत नाही गं. हे काम आता कुणाला येतं? सगळीकडे मशीनं आली."

आणि पाटी कुणी लावली माहितीये? मीच! ताई बुटकी, मालकांना शिडी चढवत नाही. मीच स्टुलावर चढून, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, माझ्या जागेसाठी माणूस पाहिजे, अशी पाटी लावली. सरळ लागलीये का म्हणून दोन पावलं मागे जाऊन बघितलीसुद्धा.

एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. दाराची घंटा वाजली की माझा ब्रश थांबायचा. पोस्टमन असायचा, नाहीतर दवाखान्याचा माणूस साचे घेऊन. एक जण आला, त्याला वाटलं दात पॉलिश करून मिळतात. भोंगा रोज फोनवर, "किती उरले?" अकरा. सात. पाच. आम्ही दोघं लहान मुलांसारखे मोजत होतो.

सतराव्या दिवशी ती आली.

पांढरे केस, मागे घट्ट बांधलेले, साठीच्या आसपास. हातात स्वतःचे ब्रश, कापडात गुंडाळलेले. मी ते ब्रश बघितले ना, तेव्हाच ओळखलं. टोकं अशी बारीक, सुईसारखी. ज्याला काम येत नाही त्याचे ब्रश असे नसतात.

तिने एकतीस वर्षं दात बनवले होते. तिच्या ठिकाणी मशीन आली आणि तिला घरी बसवलं, दोन वर्षांपूर्वी. नियमाप्रमाणे तीन दिवस तिची परीक्षा. एक दात बनवायचा, खऱ्या पेशंटचा. वरचा, पुढचा, उजवा, पुरुष, वय पंचावन्न. मालकांनी मलाही तोच बनवायला सांगितला, तिचा बिघडला तर हाताशी असावा म्हणून. आणि बसायला जागा कुठे, तर माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

मी ठरवलं होतं, हिच्याशी बोलायचंच नाही. कानामागून आली नि तिखट झाली! पण पहिल्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला, मास्क खाली घेतला आणि मला विचारलं, "तुझ्या खोलीला ऊन येतं का गं?"

चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरंच सांगते. लोक विचारायचे, कुठून आलीस, कधी जाणार. ऊन येतं का, असं कुणी नाही. आणि मला असं कुणी विचारलं की माझं तोंड बंद होत नाही, तुम्हाला माहितीच आहे. समोरची भिंत सांगितली, रविवारची सर्दी सांगितली, भोंगा सांगितला, खुर्चीवरची बॅगसुद्धा सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मी रेडिओ लावून ठेवते. बाहेर जातानासुद्धा. परत आल्यावर कुणीतरी बोलत असतं."

मी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायला लागले. तोंडावर "अहो".

दुसऱ्या दिवशी माझा रंग जुळेना. बघून बघून डोळे शिणले की सगळेच नंबर सारखे दिसतात. तिने माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि आपल्या ब्रशचं निळं कापड पुढे केलं. "ह्याच्याकडे बघ. वीस मोज. मग दाताकडे बघ." मी बघितलं, मोजलं, आणि अगं, रंग असा समोर आला, जसा कुणी काच पुसावी! मी म्हटलं, "हे मला कुणी शिकवलंच नाही." तर म्हणाली, "मला तरी कुणी शिकवलं? माझं मीच शोधलं. आता कुणाला सांगायचं, घरात भांडी आहेत, त्यांना सांगू?" आम्ही दोघी हसलो. इतक्या जोरात की ताई बघायला आली. त्या खोलीत कुणी हसलेलं तिने ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारलं, "तुझा नवरा येणार कधी मग?"

मी म्हटलं, "ते ह्या जागेवर आहे."

"कुठल्या जागेवर?"

माझी दातखिळी बसली. तिला माहीतच नव्हतं! पाटीवर थोडंच लिहिलेलं असतं की ही जागा रिकामी नाही, हिच्यावर कुणीतरी बसलंय. तिला वाटलं होतं, दुकान वाढतंय, दोन माणसं लागतील.

"ही जागा कुणाची आहे?" तिने परत विचारलं.

"माझी."

तिने डब्याचं झाकण लावलं. अर्धा तसाच होता. मास्क वर घेतला आणि दाताचा शेवटचा थर चढवायला बसली. मला वाटलं, आता ही मुद्दाम बिघडवेल माझ्यासाठी. किंवा उठून जाईल. तसं काही नाही. इतकं मन लावून काम करत होती की तिच्या हाताकडे बघताना मी माझा हात विसरले.

चौथ्या दिवशी सकाळी मालकांनी दोन्ही डब्या मागवल्या. मी आधीच बघितला होता तिचा दात, भट्टीतून काढताना. काय सांगू तुम्हाला! कडेला ती निळसर झाक, मध्ये एक बारीकशी रेघ, पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या दाताला असते तशी. तो बनवलेला वाटतच नव्हता. माझा चांगला होता. तिचा खरा होता.

मालकांनी तिचा दात चिमट्यात धरला, दिव्याखाली नेला, फिरवला. ताई फॉर्म घेऊन उभी. फॉर्ममध्ये एकच ओळ असते, उमेदवार योग्य आहे की नाही, नसल्यास कारण. मावशी हात मागे बांधून उभी, शाळेतल्या मुलीसारखी. आणि मालक माझ्याकडे वळून म्हणाले, नेहमीसारखंच, रोजच्यासारखं, "पोरी, जरा पिवळा वाटतोय का गं?"

चार वर्षं मी एकच उत्तर दिलंय. नाही मालक, बरोबर आहे. तोंडावर आलं होतं, शप्पथ. पण मला ती खुर्ची दिसली. सूटकेस दिसली. आणि मी म्हटलं, "हो मालक. जरा पिवळा आहे."

मालकांचा चेहरा असा उजळला! "बघ, मला वाटलंच! माझे डोळे अजून एवढे गेले नाहीत!"

मावशी पुढे आली. मालकांच्या हातातून चिमटा घेतला, खिडकीपाशी गेली, पट्टीतला नंबर काढून दाताशेजारी धरला. मग खिशातून ते निळं कापड काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी मनात मोजत होते. वीसपर्यंत मोजलं मी. मग तिने परत दाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "जरा पिवळाच आहे."

आणि ब्रश गुंडाळले आणि गेली. ताईने ओळ लिहिली. रंग जुळवता येत नाही. ज्या बाईने मला रंग बघायला शिकवलं तिच्याबद्दल!

मी विचार करकरून दमले गं. तिने मला जागा देऊन टाकली, की माझ्याशी भांडायचीसुद्धा माझी लायकी नाही असं वाटलं तिला? तिच्या तोंडावरून काही कळलं नाही. मला दात वाचता येतात, चेहरे नाही.

मग दुपारी मी काय केलं, तर दोन्ही डब्या घेतल्या, आणि माझा दात ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिचा पेशंटला पाठवला. कुणालाच सांगितलं नाही. आठवड्याने दवाखान्यातून फोन आला, असा रंग आजपर्यंत कुणी जुळवला नव्हता म्हणून. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास!" मी "थँक्यू" म्हटलं. हो, म्हटलं.

एकवीस दिवस संपले. परमिट आलं. कुटुंबाचं. पाटी काढायला परत मीच स्टुलावर.

एका रविवारी मी तिच्या घरी गेले होते. पत्ता तिच्या अर्जावर होता. दुसरा मजला. दारापर्यंत गेले. आत रेडिओ चालू होता, कुणीतरी बातम्या सांगत होतं. आता रेडिओ चालू म्हणजे ती घरात आहे की बाहेर गेलीये, हे कळायचं कसं? घंटेवर बोट ठेवलं होतं मी. मग वाटलं, दार उघडलं तर काय बोलणार? आणि नाही उघडलं तर? तशीच जिना उतरून आले. संध्याकाळी भोंगा म्हणाला, "सर्दी झाली का?" मी म्हटलं, "हो."

आता रस्त्याने जाताना मी पंचावन्न वर्षांचे पुरुष बघते. एखादा हसला तर. लोकांना काय वाटत असेल, देव जाणे.

आणि काल रात्री जेवताना भोंगा काय म्हणाला माहितीये? तिकडे गेलो की पहिल्यांदा अजून एक खुर्ची घेऊ म्हणे. दोन आपल्या आणि एक, कुणी आलं तर बसायला. मी विचारलं, "कोण येणार?" तर म्हणाला, "अगं चार वर्षं राहिलीस, एखादं तरी माणूस जोडलं असशील ना?"

ऐकू येतंय? जिन्यातूनच ओरडतोय बघा, तिकिटं मिळाली म्हणून. डोळे पुसा गं, तुम्हाला काय झालं? चला, पार्टी कुठे करायची सांगा. आणि त्याच्यासमोर एक शब्द नाही हं.